मामंजींची अर्धी भिंत

मामंजी कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीला गाल लावून बघत. पागोटे काढून हातात धरायचे, डोळे मिटायचे आणि गाल टेकवून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग ‘कोरडी हाय’ किंवा ‘ओली हाय’ असे सांगून बसायचे. नव्या माणसाला वाटे, यांना घेरी आली. भिसेगावात मात्र सगळ्यांना त्यांची सवय होती. घरधनी घोंगडी अंथरून, मामंजींचा गाल भिंतीवरून निघण्याची वाट बघत उभा राही.

मला बघायला खालापुराला आले तेव्हाही त्यांनी तेच केले. माझे वडील तिथे शाळामास्तर होते. मुलीला चौथीपर्यंत शिकवले म्हणून दोन-तीन ठिकाणी नको म्हणाले होते, त्यामुळे घरात सगळे घाबरून होते. आई दाराच्या फटीतून बघत होती. ती मला दंडाला धरून म्हणाली, “हळू श्वास घे गं, ते भिंतीला कान लावून ऐकतायत.” मी श्वासच धरून ठेवला. बाहेरून त्यांचा मोठा आवाज आला, “मास्तर, भिंत चांगली कोरडी हाय तुमची. पोरगी पसंत हाय.” वडील म्हणाले, “अजून मुलगी बाहेर आली नाही.” मामंजी म्हणाले, “येऊ द्या की. पर अशा घरातल्या पोरीला खोकला नसतो, येवढं मला कळलं.”

खोकल्याचे त्यांना इतके का वाटे, ते मला लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात समजले. आमचे घर गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरत्या जागेवर. आषाढ लागला की जमिनीतली ओल भिंतीत चढायला लागे आणि बघता बघता कमरेएवढी होई. वरची भिंत पांढरी, खालची काळपट. हात लावला तर चुना आणि माती हाताला येई. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तरुणपणी लावणीच्या दिवसांत बांधावरून पडल्या होत्या. तेव्हापासून त्यांना पाठ टेकल्याशिवाय बसता येत नसे. ओल्या भिंतीला टेकले की खोकला धरे, तो दिवाळीपर्यंत जात नसे. म्हणून पाऊस लागला की त्या आत चुलीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसत. तिथली भिंत तेवढी शेकलेली असे, पण धुराने खोकला तिथेही येई.

आता आत्याबाई म्हणजे बोलण्याचे झाड. गावातली कुठलीही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकावी. आणि मामंजींना त्यांच्या बोलण्याशिवाय करमत नसे. चार महिने ते ओटीवर एकटे आणि त्या आत. ते बाहेरून हाक मारत, “अगं, ऐकलंस का? पलीकडच्यांची गाय सुटली.” त्या आतून म्हणत, “ऐकलं. पर कुटं गेली ती मला हितनं दिसत नाय.” मग मामंजी उठून आत येत, गाय कुठे गेली ते सांगत, आणि धुराने डोळे चोळत पुन्हा बाहेर जात. असे दिवसात कितीदा तरी चाले. मला हसू येई आणि वाईटही वाटे.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याला त्यांनी जाहीर करून टाकले की पुढच्या पावसाच्या आत ओटीच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत सागाच्या फळ्या लावायच्या, आणि पुढचा पावसाळा आत्याबाईंनी ओटीवर बसून काढायचा. हे त्यांनी कुठे पाहिले होते तेही सांगितले. घाटातली रेल्वे होत होती तेव्हा मामंजी लाकडाचे मुकादम होते. लाकूड पोचवायला साहेबाच्या बंगल्यावर जात. तिथे बसायच्या खोलीत चारी भिंतींना कमरेपर्यंत लाकूड आणि वर चुना. “मडम भिंतीला टेकून उभी व्हती,” ते म्हणायचे, “तर पाठीला चुन्याचा ठिपका नाय. मी तवाच ठरवलं होतं.”

“तवा ठरवलं आनि आता सांगता?” आत्याबाई म्हणाल्या. “माजी पाठ म्हातारी झाली तवर.”

“फळी पिकायला वेळ लागतो,” मामंजी म्हणाले.

गावात ही गोष्ट पसरली आणि जो तो विचारायला येऊ लागला. अर्धीच भिंत का, लावायचीच तर पुरी का नाही, असे एकाने विचारले. मामंजी म्हणाले, “मानूस टेकतो अर्ध्या भिंतीला. वरच्या अर्ध्याला पाल टेकते. तिला खोकला होत नाय.”

उंची किती धरायची याचा त्यांनी फार विचार केला. आमच्या ओटीच्या भिंतीवर, बसणाऱ्यांची डोकी टेकून टेकून तेलाचे डाग पडलेले होते. मामंजी त्या डागांपुढे उकिडवे बसत आणि एकेक डाग ओळखत. हा पाटलांचा, हा माझ्या नवऱ्याचा, हा लहान पण दाट डाग आत्याबाईंचा, त्यांना खोबरेल फार लागते. सगळ्यात वरचा डाग एका पाहुण्याचा होता, तो उंच होता आणि येऊन महिनाभर राहिला होता. त्या डागाच्या वर चार बोटे सोडून मामंजींनी कोळशाने रेघ मारली. “आता कुनाचंबी डोकं चुन्याला लागनार नाय,” असे म्हणून ते आलेल्या प्रत्येकाला भिंतीशी बसवून बघत. माणूस कामाला आला असेल तरी आधी टेकून दाखवावे लागे.

त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. समोरही फारशी येत नसे. मी तर मुळातच बुजरी. त्यामुळे लग्नाला दोन वर्षे होत आली तरी मामंजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. त्यांना मला काही सांगायचे असले की ते ओटीवर बसून माजघराच्या भिंतीला सांगत, “आज पाहुनं जेवायला हायत बरं का.” मी भिंतीच्या आत असे. बांगड्या वाजवल्या की त्यांना समजे, ऐकू गेले. आत्याबाई म्हणत, “येवढी गुनाची भिंत मी कुटं बगितली नाय. सांगाल तो सैपाक करते.”

माघात कशेळ्याकडचा सुतार आला. मामंजींनी काठीने अंगणातल्या धुळीत त्याला भिंत काढून दाखवली. मामंजींना लाकडातले सगळे कळे, पण रेघ सरळ येत नसे. सुतार त्या चित्राभोवती फिरला, एकदा ह्या बाजूने बघितले, एकदा त्या बाजूने. मग म्हणाला, “मुकादम, गोठा बांदायचा हाय का मांडव घालायचा?” मामंजींनी पुसून पुन्हा काढले. सुतार म्हणाला, “हां, आता कळलं. होडी.” आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना पाठ धरावी लागली. मामंजी रागावले नाहीत, पण काठी टाकून ओटीवर जाऊन बसले. सुतार ‘ठरलं की बोलवा’ म्हणून निघून गेला. मला आतून ते बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओटी सारवली आणि नेहमीच्या रांगोळीऐवजी ती भिंतच रांगोळीने काढली. दार, खिडकी, दिव्याचा कोनाडा, आणि खाली उभ्या फळ्या एकीला एक लावून. इतके दिवस आतून ऐकून मला सगळे पाठ झाले होते. काढून झाल्यावर मात्र वाटले, हे काय करून बसले. पुसावे म्हणून वळले, तोवर मामंजींच्या खडावा वाजल्या. मी आत पळाले.

ते रांगोळीवर वाकून एकेक फळी बघत होते. मग रांगोळीची रेघ मोडू नये म्हणून ओटी सोडून अंगणातून वळसा घालून परसात गेले. परत आले आणि माजघराच्या भिंतीला म्हणाले, “फळ्या जमिनीला टेकवल्यात. तशा टेकल्या तर वाळवी पंगत मांडून बसंल. खाली दगडाचा पट्टा पायजेल, दोन बोटांचा.”

मी बांगड्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीच्या रांगोळीत दगडाचा पट्टा होता.

मग आमचे तसेच चालू झाले. रोज सारवण, रोज नवी भिंत. मी काढायची, ते बघायचे, आणि भिंतीला सांगायचे. खिडकीखालच्या फळ्या आखूड कर. कोनाड्याभोवती चौकट ठेव, नाहीतर दिवाच आत कोंडून राहील. फळी आणि मातीची भिंत यांच्यामध्ये तळहाताएवढी जागा सोड, आडव्या पट्ट्या आधी मार आणि मग त्यांच्यावर फळ्या; “वलीला बाहेर जायला वाट नको का? कोंडलं की मानूस कुजतो, लाकडाचं काय घेऊन बसलात.” मी हळद घालून पट्ट्या पिवळ्या दाखवी, काव घालून दगड तांबडा दाखवी. गावातल्या बायका आमची रांगोळी बघायला येऊ लागल्या. एकदा कोंबडा तिच्यावरून पळत गेला, तर मामंजी त्याच्या मागे गल्लीपर्यंत धावले. म्हणत होते, “माजी खिडकी मोडली रं ह्यानं.”

वरच्या कडेला एक पुढे आलेली पट्टी हवी, असा त्यांचा फार हट्ट होता. साहेबाच्या बंगल्यात ती होती. तिच्यावर मडम फुलांची भांडी ठेवी. मामंजी म्हणाले, “आपन पानाचा डबा ठिवू. पान्याचा तांब्या ठिवू. हात वर केला की हाताशी.” मी ती पट्टी कुंकवाने काढली. ती त्यांना इतकी आवडली की त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी कोणाला ओटीवर पाऊल ठेवू दिले नाही.

चैत्रात सुतार पुन्हा आला. रांगोळी बघितल्यावर म्हणाला, “आता असं सांगा की.” आणि कामाला लागला. घरात सगळीकडे सागाचा वास आणि भुसा. फळ्यांच्या पाठीला मामंजींनी स्वतः डामर फासले, हात कोपरापर्यंत काळे करून घेतले. आत्याबाई म्हणाल्या, “ह्या हातानं मला शिवू नका.” ते म्हणाले, “आता चार म्हयनं तुला शिवायला आत यावंच लागनार नाय.” मी आत तोंडावर पदर घेतला.

वैशाख संपत आला तेव्हा फळ्या लागून झाल्या. फक्त वरची ती पट्टी राहिली. मामंजींनी त्या दिवशी आत्याबाईंना मान म्हणून आधी बसवले. नवी घोंगडी अंथरली. आत्याबाई पाय पसरून, पाठ टेकून बसल्या. डोळे मिटले. “गार लागतंय,” म्हणाल्या, “पर वलं नाय.” मामंजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सुताराने त्यांच्या डोक्यावर, कोळशाच्या रेघेशी, पट्टी लावून धरली. चांगली वितीएवढी पुढे आलेली. तोंडात खिळा, हातात हातोडी.

मी माजघराच्या दाराआडून बघत होते, आणि माझ्या एकदम ध्यानात आले.

आत्याबाईंना रोज हात देऊन मीच उठवत असे. बाकीची माणसे पुढे वाकून, गुडघ्यावर हात देऊन उठतात. आत्याबाईंना वाकता येत नव्हते. त्या पाठ भिंतीला घासत घासत सरळ वर येत. डोके भिंतीला लागूनच वर जाई. मामंजींनी सगळ्या गावाला बसवून बघितले होते, पण एकालाही उठताना बघितले नव्हते. आणि त्या बंगल्यातली मंडळी तर खुर्चीवरून उठणारी.

मी बांगड्या वाजवल्या.

मामंजी म्हणाले, “भिंत खूश झाली.”

मी आणखी जोरात वाजवल्या. ते म्हणाले, “काय गं भिंतबाई, पट्टी वाकडी हाय?” सुताराने डोळा बारीक करून बघितले, म्हणाला, “अजाबात नाय.” मी खोकले. मामंजी म्हणाले, “भुसा उडतोय, दार वडून घ्या.” मी तांब्या आपटला. ते म्हणाले, “हां, सुताराला पानी द्या म्हनते.” सुतार म्हणाला, “खिळा मारतो, मग पितो,” आणि त्याने हातोडी उचलली.

“मामंजी,” मी म्हणाले, “आत्याबाईंना आधी उठू द्या.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सुताराची हातोडी तशीच वर राहिली. माझे हे अंगणात उभे होते, ते खाली बघू लागले. मला वाटले, जमीन फाटावी.

आत्याबाई दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी पाठ फळीला दाबली आणि त्या घासत वर यायला लागल्या. सुतार पट्टी धरूनच होता. टक्क असा आवाज झाला.

आत्याबाई पुन्हा खाली बसल्या. डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “खिळा मारला असता तर रोज वाजलं असतं. तुमच्या मडमेला सांगा, तिची फुलं तिलाच राहू दे.”

मामंजी आधी भिंतीकडे बघत राहिले. मग ओठ हलायला लागले, मग पोट, आणि ते जे हसायला लागले ते पागोटे पडले तरी थांबेनात. सुतार हसला, हेही हसले. हसता हसता मामंजी दाराकडे वळले. भिंतीकडे नाही, दाराकडे, माझ्याकडे. म्हणाले, “सूनबाई, दोन वरसं मी भिंतीशी बोलून घसा सुकवला. तोंड व्हतं तर आदीच सांगायचं.”

मी म्हणाले, “हो.”

“बगा,” ते सुताराला म्हणाले, “आता दर येळेला बोलनार.”

पुढे आलेली पट्टी गेली. सुताराने फळ्यांची वरची कड रंधा मारून गोल आणि गुळगुळीत केली, डोके त्यावरून सरकावे अशी. आणि त्या पट्टीच्या लाकडाची, आत्याबाईंच्या उजव्या हाताशी, एक उभी मूठ बसवली. तिला धरले की त्यांना माझ्या हाताशिवाय उठता येई. पानाचा डबा मामंजी पूर्वीसारखा मांडीशीच ठेवत.

गावात थोडे बोलणे झाले. सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलते, असे पाणवठ्यावर माझ्या कानावर आले. मामंजींच्या कानावर आले तेव्हा ते म्हणाले, “तोंड वर करून बोलली नाय, दाराआडून बोलली. उद्यापासनं वर करील.” मी काही तोंड वर केले नाही, तो माझा स्वभावच नव्हे. पण ते मला विचारत आणि मी सांगत असे. भाताच्या कणगीला झाकण कसे असावे, परसातला आंबा तोडावा की ठेवावा, हे ते ओटीवरून विचारत आणि मी दारात उभी राहून सांगे. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असे कोणी मानले म्हणजे माणूस किती सरळ उभा राहतो, हे मला तेव्हा कळले.

तो पावसाळा आमच्या घरातला सगळ्यात बोलका पावसाळा. आत्याबाई सकाळी ओटीवर येत त्या दिवा लागेपर्यंत. समोरच्या चिखलात कोण घसरले, कोणाची डोक्यावरची इरली उडाली, कोणाची म्हैस कोणाच्या रोपात शिरली, सगळे त्यांना आता डोळ्यांनी दिसे. एखादा भिजून आला आणि टेकायला लागला की मामंजी ओरडत, “वल्या पाठीनं टेकू नको रं, आदी आंग पूस.” आणि आत्याबाई म्हणत, “टेक रे बाबा टेक. त्यांनी भिंत मांडून ठिवली हाय, पूजा करायला.” मामंजी समोर खांबाला टेकून बसत. मी विचारले, तुम्ही का नाही फळीला टेकत? तर म्हणाले, “तिकडं बसलो तर हिचं तोंड कसं दिसंल?”

त्या वर्षी आत्याबाईंना खोकला झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

असे काही पावसाळे गेले. एका फाल्गुनात मामंजी गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी मागितले आणि मी आणेपर्यंत गेले. शेवटचे काही बोलले नाहीत. इतके बोलणारा माणूस काही न बोलता जातो, याचे मला अजून नवल वाटते.

आमच्यात नवरा गेला की बाईने वर्षभर आत कोपऱ्यात बसायचे, कोणाच्या समोर यायचे नाही, अशी रीत. आत्याबाईही बसल्या. चैत्र गेला, वैशाख गेला. त्यांचे बोलणे थांबले. मग पाऊस लागला आणि चार-आठ दिवसांत चुलीजवळच्या कोपऱ्यातून खोकल्याचा आवाज येऊ लागला. रात्री सुरू झाला की थांबेना. मी काढा करून दिला, शेक दिला. मला मामंजींचा डामराने माखलेला हात आठवे.

एक दिवस सकाळी मी ओटी झाडली, फळ्या कोरड्या फडक्याने पुसल्या, घोंगडी अंथरली आणि आत जाऊन आत्याबाईंपुढे हात केला. तेव्हा यांची चुलती आमच्याकडे राहायला होती. ती ओटीच्या दाराशी आडवी उभी राहिली. मला म्हणाली, “वरीस व्हायचंय अजून. बाहेर बसवतेस? लोकं काय म्हनतील?”

मी म्हणाले, “मामंजींनी आत्याबाईंसाठी केली आहे भिंत. खोकला झाला तर ती कशासाठी केली?” हात मी मागे घेतला नाही.

आत्याबाईंनी माझ्या हाताला धरले. उठल्या. खोकत खोकत, एक हात माझ्या खांद्यावर आणि एक भिंतीवर, उंबऱ्यापर्यंत आल्या. बाहेर पाऊस धो धो पडत होता. चुलतीने पुन्हा विचारले, “लोकांना काय सांगायचं?”

आत्याबाई ओटीवर आल्या, घोंगडीवर बसल्या, पाठ टेकली. पाऊस बघितला. मग म्हणाल्या, “लोकांना म्हनावं, या, बसा, टेका. जागा हाय.”